चाल ओळखीची, शब्द परके

जपानी क्लाएंटबरोबरचा माझा पहिला मोठा कॉल मी स्वतःच्या तोंडाने बंद पाडला होता. म्हणजे नेट गेलं नाही, लाइट गेली नाही. गेलं ते माझं वाक्य. तिकडच्या टीमला नम्रपणे सांगायचं होतं की उद्याच्या मीटिंगलाही या, म्हणजे 'किते कुदासाई'. मी म्हणालो 'कित्ते कुदासाई'. आता 'किते' म्हणजे 'या', आणि 'कित्ते' म्हणजे 'कापा'. फोनवर बोलताना त्याचा अर्थ सरळसरळ 'फोन ठेवा' असा होतो. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग एक अतिशय अदबशीर 'हाय, वाकारिमाशिता', आणि टुक... लाइन बंद! टीम लीड माझ्याकडे बघतोय, मी स्क्रीनकडे बघतोय. एका जादा 'त'ची किंमत :)

त्या शनिवारी क्लासमध्ये सेन्सेईंना (आमच्या बाई. अस्सल पुणेरी, पण जपानीत स्वप्नं पडत असावीत इतकं छान बोलतात) हा किस्सा सांगितला. आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही लोक गणपतीची आरती म्हणता ना? त्यात कधी मात्रा चुकते का रे? डोळे मिटून, भूक लागलेली असताना, ढोलाच्या आवाजात सुद्धा चुकत नाही." आणि त्यांनी क्रियापदांची रूपं बदलायचे सगळे नियम आम्हाला चक्क आरतीच्या चालीवर म्हणायला लावले. टाळ्यांसकट! शेजारच्या खोलीत सीएचा क्लास चालायचा, तिथली दोन पोरं दारात येऊन प्रसाद आहे का बघून गेली. पण त्या दिवसापासून किते-कित्तेचा घोळ माझ्याकडून परत झाला नाही.

पुढे ऑनसाइट गेलो. तिथे निवृत्तीला आलेले एक मॅनेजर होते. एकदा जेवताना त्यांना हा आरतीचा किस्सा सांगितला. मला वाटलं नुसते हसतील. ते चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाले, "माझी आई 'कम कम'ची." मला काही कळेना. मग त्यांनी हळू आवाजात एक चाल गुणगुणली. आई आता ऐंशीच्या पुढची. शाळेतलं इंग्रजी सगळं विसरली, पण लहानपणी रेडिओवर ऐकलेलं ते एक इंग्रजी गाणं अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणते.

झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढचे कित्येक वीकेंड त्यात गेले, आणि लक्षात आलं की जपानने परकं काहीतरी शिकण्यासाठी गाण्याचा वापर दोनदा केलाय. पहिल्यांदा सुलट, दुसऱ्यांदा बरोबर उलट. त्याचीच ही गोष्ट.

शब्द आपले, चाल परकी

१८७२ साली मेइजी सरकारने देशभर शाळा काढायचं ठरवलं. विषयांच्या यादीत 'गायन' होतं, पण त्यापुढे शेरा होता, 'तूर्त वगळावे'. (आपण कोडमध्ये 'टूडू' लिहून ठेवतो आणि विसरतो, तसंच.) कारण साधं होतं. पाश्चात्य पद्धतीने शाळेत गाणं शिकवायचं, पण शिकवणार कोण?

१८७५ मध्ये इसावा शुजी नावाचा चोवीस वर्षांचा तरुण शिक्षणपद्धती शिकायला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या अध्यापक शाळेत दाखल झाला. बाकी विषय जमले. अडला तो दोन ठिकाणी, इंग्रजी उच्चार आणि गाणं. जपानी लोकसंगीतात वाढलेल्या त्याच्या कानाला पाश्चात्य सात सुरांची शिडीच नवी होती, काही सूर गळ्यातून निघेचनात. मुख्याध्यापकांनी चांगुलपणाने सांगितलं, तू परदेशी आहेस, तुला गाण्यातून सूट. ही सूट त्याला इतकी लागली की आपण रडलो, असं त्यानेच पुढे सांगितलंय. जो ऑनसाइट जाऊन पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये मुका बसलाय, त्याला ते रडणं बरोबर समजेल.

सूट न घेता इसावा बॉस्टनच्या शाळांमधले नामांकित संगीतशिक्षक ल्यूथर व्हायटिंग मेसन यांच्याकडे गेला आणि गाणं शिकला. उच्चारांसाठी गेला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलकडे! हो, टेलिफोनवालाच तो. बेलचा मूळ धंदा उच्चार शिकवण्याचा. जीभ, ओठ, घसा कुठे कसे ठेवायचे हे चिन्हांनी दाखवणारी 'व्हिजिबल स्पीच' ही लिपी त्याच्या वडिलांची. या ओळखीपायी इसावा आणि त्याच्या जपानी मित्रांना बेलच्या कोऱ्या करकरीत यंत्रावर बोलून बघता आलं. टेलिफोनवर इंग्रजीनंतर बोलली गेलेली पहिली भाषा जपानी, असं म्हणतात ते यामुळे. (आणि दीडशे वर्षांनी त्याच यंत्राच्या वंशजावर मी 'कित्ते' म्हणालो. असो.)

इसावा परतला. १८७९ मध्ये सरकारने संगीताच्या अभ्यासासाठी एक खातं काढून त्याला प्रमुख केलं. १८८० मध्ये त्याने आपल्या गुरूलाच, मेसनला, टोकियोला बोलावून घेतलं. दोघांनी शाळेसाठी गाण्यांचं पुस्तक केलं. पहिल्या भागावर साल आहे १८८१. युक्ती अशी की पुष्कळशा चाली पाश्चात्य घ्यायच्या आणि त्यावर शब्द जपानी बसवायचे. जुन्या मराठी नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल – अमुक' असं छापलेलं असायचं, तसाच प्रकार. आणि आपल्याकडची भजनी मंडळं कुठल्याही सिनेमाच्या चालीवर विठोबा बसवतात, तेही हेच.

त्या पुस्तकातलं सर्वात गाजलेलं गाणं म्हणजे 'होतारू नो हिकारी', काजव्यांचा उजेड. चाल स्कॉटलंडच्या 'ऑल्ड लँग साइन'ची. शब्द मात्र काजव्यांच्या आणि बर्फाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांबद्दलचे, जुन्या चिनी कथांवरून घेतलेले. आता गंमत बघा. या स्कॉटिश चालीत सूर पाचच आहेत, सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपल्या भूपाचेच सूर! इसावाच्या गळ्याला जड गेली ती सात सुरांची शिडी, पण पाच सुरांचं संगीत जपानी कानाला जुनंच. त्यामुळे परकी चाल फार परकी वाटली नाही. शब्द आपले, सूर ओळखीचे, नवा फक्त सुरांचा क्रम. मुलांनी ते गाणं असं उचललं की पुढे ते मूळचं जपानी नाही यावर कुणाचा विश्वास बसेना.

या इसावाने पुढे १९०३ मध्ये टोकियोत तोतरं बोलणाऱ्यांना बोलायला शिकवणारी संस्था काढली. ज्याला 'तुला जमणार नाही, सूट घे' असं सांगितलं गेलं होतं, त्याने काढलेली संस्था. इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं...

तोच माणूस, तैवान

पण इतिहास असा गोड जागी थांबत नाही. १८९५ मध्ये चीनबरोबरच्या युद्धानंतर तैवान जपानकडे आलं आणि तिथल्या शिक्षणाची जबाबदारी मिळाली इसावालाच. त्याने तैपेईजवळच्या एका टेकडीवर शाळा काढून स्थानिक मुलांना जपानी शिकवायला सुरुवात केली. १ जानेवारी १८९६ रोजी बंडखोरांनी त्या शाळेतल्या सहा जपानी शिक्षकांना ठार केलं. इसावा त्या वेळी जपानमध्ये होता, म्हणून वाचला. जपानी शाळा मात्र थांबल्या नाहीत, वाढत गेल्या, आणि जपानी गाणी हा तिथे भाषा शिकवायचा नेहमीचा भाग झाला.

म्हणजे पद्धत तीच, गाणं तेच. फरक एवढाच की तैवानच्या मुलाला शब्दही परके, चालही परकी, आणि 'नको' म्हणायची सोय नाही. 'होतारू नो हिकारी'चं चौथं कडवं तर साम्राज्याच्या सीमा सांगणारं होतं (युद्धानंतर ती शेवटची कडवी गाळली गेली, आता पहिली दोनच म्हणतात). गाण्याने भाषा शिकवणं ही नुसती गोंडस कल्पना नाही, हे मला इथे पहिल्यांदा जाणवलं. गाणं पाठ होतं म्हणूनच ते लादणाऱ्याच्याही कामाचं असतं. कोण गायला सांगतंय आणि कशासाठी, हे बघावंच लागतं.

चाल आपली, शब्द परके

आता पन्नास वर्षं पुढे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी म्हणजे 'शत्रूची भाषा'. इंग्रजीवर सरसकट बंदीचा कायदा नव्हता, पण दबाव असा की बेसबॉलमधले 'स्ट्राइक'सारखे शब्दही बदलून जपानी केले गेले. १९४३ मध्ये सरकारने जवळपास हजार अमेरिकन-ब्रिटिश गाण्यांवर बंदी घातली. त्या यादीतून 'होतारू नो हिकारी' सुटलं. का? तर ते आता आपलंच झालंय म्हणून!

१५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटाने रेडिओवरून शरणागती सांगितली. त्याच दिवशी एका प्रकाशकाच्या डोक्यात आलं की आता अमेरिकन सैनिक येणार, लोकांना इंग्रजी लागणार. ३ ऑक्टोबरला बत्तीस पानांचं इंग्रजी संभाषणाचं चोपडं बाजारात आलं आणि त्याच्या सुमारे ३६ लाख प्रती खपल्या. हा विक्रम मोडायला १९८१ साल उजाडावं लागलं. मोडला कुणी? आपल्या लाडक्या 'तोत्तोचान'ने!

पण चोपडं वाचून भाषा बोलता येत नाही, हे जेएलपीटी देणाऱ्या कुणालाही विचारा. शहरं बेचिराख, पोटात अन्न नाही, घरटी कुणीतरी गेलेलं. आणि ज्यांनी बाँब टाकले त्यांच्याच भाषेत आता बोलायचं. व्याकरण ही इथे दुय्यम अडचण होती. मुळात तोंड उघडायचं कसं?

इथे येतो हिराकावा तादाइची. जन्म १९०२, ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात. (ओकायामा ओळखीचं वाटलं ना? सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर केलंय ती ओकायामाचीच.) वडील पोटासाठी अमेरिकेत गेले होते, त्यांच्यामागे हाही १९१८ मध्ये तिकडे गेला. रेल्वेमार्गावर मजुरी केली. इंग्रजी येत नव्हतं म्हणून सतराव्या वर्षी सिअ‍ॅटलमध्ये प्राथमिक शाळेत, पोराटोरांच्या बाकावर जाऊन बसला! तिथून थेट वॉशिंग्टन विद्यापीठापर्यंत पोचला आणि १९३१ मध्ये नाट्यशास्त्राची पदवी घेतली. नंतर जपानला परतून एनएचके रेडिओवर परदेशी श्रोत्यांसाठीचा इंग्रजी निवेदक झाला. सम्राटाच्या शरणागतीच्या घोषणेचा इंग्रजी अनुवाद लघुलहरींवरून जगाला वाचून दाखवणारा आवाज त्याचाच होता.

पराभवाची बातमी इंग्रजीत सांगणारा हा माणूस, सहा महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी १९४६ ला, एनएचकेवर रोज संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं इंग्रजी संभाषण शिकवायला लागला. सोमवार ते शुक्रवार. त्याचं म्हणणं असं की हा अभ्यास नाही, खेळ आहे. तान्हं बाळ आईचं ऐकून बोलतं, तसं नुसतं ऐका आणि म्हणा. धड्यांत घरातल्या साध्या गप्पा असायच्या.

आणि सुरुवातीला गाणं. शब्द इंग्रजी, हिराकावाने स्वतः लिहिलेले. चाल? चाल घेतली 'शोजोजी नो तानुकी-बायाशी' या १९२० च्या दशकातल्या बालगीताची. नाकायामा शिंपेईची चाल आणि नोगुची उजोचे शब्द. टोकियोजवळ किसाराझू गावात शोजोजी नावाचं देऊळ आहे. चांदण्या रात्री तिथल्या अंगणात तानुकी (कोल्ह्याच्या कुळातला, जपानी गोष्टींतला महाखोडकर प्राणी) पोटाचा ढोल बडवत नाचतात आणि पुजारीबुवाही त्यांना सामील होतात, अशी आख्यायिका. ही चाल जपानी पोरासोरांना तोंडपाठ होती.

कल्पना करा. संध्याकाळी सहा वाजता रेडिओ लागतो. इंग्रजी म्हटल्यावर पोटात गोळा येणार, तेवढ्यात ऐकू येते आपल्या बालवाडीतली चाल! गाण्याच्या सुरुवातीच्या शब्दावरून लोकांनी कार्यक्रमाला नाव पाडलं 'कम कम इंग्लिश'. गावोगावी 'कम कम क्लब' निघाले, पत्रांचा पाऊस पडला, शिकणाऱ्यांना नाव मिळालं 'कम कम बेबी'. एनएचकेवर हा कार्यक्रम १९५१ पर्यंत चालला, मग खासगी रेडिओवर १९५५ पर्यंत. २०२१-२२ मध्ये एनएचकेने सकाळच्या दैनंदिन मालिकेत हीच पार्श्वभूमी घेतली, तीन पिढ्यांच्या बायकांची गोष्ट, सुरुवात अर्थातच ओकायामात.

आता मला सांगा, त्या शब्दाचा अर्थ काय? 'या'. म्हणजे 'किते'! तैवानमध्ये हुकूम होता, इथे आमंत्रण. सगळा कार्यक्रम त्या एका क्रियापदावर उभा होता.

एका वेळी एकच व्हेरिएबल

बग शोधताना आपण काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलतो. पाच बदल एकदम केले की काय बिघडलं आणि काय सुधरलं, काही कळत नाही. माझ्या मते इसावा आणि हिराकावा, दोघांनी नेमकं हेच केलं. एकाने शब्द ओळखीचे ठेवून चाल बदलली, दुसऱ्याने चाल ओळखीची ठेवून शब्द बदलले. मेंदूला धरायला एक कठडा ठेवला.

हे माझं एकट्याचं मत नाही. १९९४ मध्ये वाँडा वॉलेस यांनी प्रयोगांनी दाखवलं की गाऊन ऐकवलेला मजकूर नुसत्या बोललेल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो, पण तेव्हाच, जेव्हा तीच साधी चाल कडव्यामागून कडव्याला पुन्हा पुन्हा येऊन ओळखीची होते. चाल ओळखीची व्हायला वेळच मिळाला नाही, तर फायदा राहत नाही, उलट अडथळा होतो. मग २०१४ मध्ये एडिंबराच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठ जणांना हंगेरियन वाक्प्रयोग पंधरा मिनिटं शिकवले. एका गटाने बोलून म्हटले, एकाने तालात, एकाने गाऊन. वाक्यं परत म्हणून दाखवायच्या चाचण्यांत गाणारा गट पुढे होता. सगळ्याच चाचण्यांत नाही, पण तोंडाने हंगेरियन बोलायच्या चाचणीत नक्की.

आपल्याला जपानी शिकताना यात आणखी एक फायदा आहे. जपानीत प्रत्येक अवयवाला ठरलेली लांबी असते. 'किते' दोन ठोके, 'कित्ते' तीन. 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. (काकूंना आजी म्हणून बघा एकदा!) म्हणजे आपल्या मात्राच की! वृत्तांत लघु-गुरू मोजायला शाळेत शिकलो होतो, तेव्हा वाटलं होतं याचा आयुष्यात काय उपयोग. उपयोग हा. गाण्यात मात्रा खाल्ली तर ताल चुकतो आणि लगेच कळतं, बोलण्यात खाल्ली तर समोरचा फोन ठेवतो.

पण गाण्यांवर डोळे मिटून विसंबू नका हं. 'होतारू नो हिकारी'ची भाषा जुनी, ग्रांथिक आहे. ती पाठ करून ऑफिसात बोलणं म्हणजे मोरोपंतांच्या आर्यांच्या भाषेत स्वारगेटला रिक्षा ठरवणं. अ‍ॅनिमेच्या गाण्यांतला 'मी' आणि 'तू' तर क्लाएंटसमोर वापरलात तर थेट परतीचं तिकीट. शिवाय बोलण्यातले चढउतार गाण्याच्या चालीत हरवून जातात. गाणं दार उघडून देतं, आत चालावं आपल्यालाच लागतं.

परत यायच्या आधी त्या मॅनेजरांनी मला जेवायला नेलं. निघताना दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती, आणि कुठूनतरी 'ऑल्ड लँग साइन'ची चाल ऐकू आली, थोडी संथ, तीनच्या ठेक्यात. जपानी दुकानांत ही चाल वाजली की गिऱ्हाईक मुकाट्याने बाहेर पडतं. मी म्हटलं, "होतारू नो हिकारी." ते म्हणाले, "नाही, ही 'वाकारे नो वॉल्झ'. १९४९ ची रेकॉर्ड. चाल तीच, पण ठेका बदललाय." दीडशे वर्षांत त्या चालीने किती कपडे बदलले!

मग स्टेशनपर्यंत चालताना ते म्हणाले, "तुमची ती आरती ऐकवा ना." भर रस्त्यात लाज वाटत होती, पण म्हटली. क्रियापदांची सगळी रूपं, आरतीच्या चालीवर. त्यांना चाल परकी, शब्द मात्र त्यांचेच. दुसऱ्या ओळीला त्यांनी टाळी धरली.

बरोबर समेवर.